शहात्तर सेंटिमीटरचं फाटक

आमच्या घरात एकशे चौदा धोके आहेत, हे मला वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी कळलं. तोवर एकवीस वर्षं मी त्याच घरात जेवत होतो, अंघोळीला जात होतो आणि दिवाळीच्या आधी स्टुलावर चढून पंखासुद्धा पुसत होतो. माणूस किती गाफील असू शकतो याचं मला आता नवल वाटतं.

हे धोके मोजून देणाऱ्याचं नाव सुयोग. लहान मुलांसाठी घर सुरक्षित करून देणाऱ्या 'बालकवच' नावाच्या कंपनीचा तो कन्सल्टंट. पायांत पांढरे मोजे, गुडघ्यांना पॅड, हातात टॅब. आल्या आल्या त्याने नमस्कार केला, पाणी नको म्हणाला आणि थेट जमिनीवर रांगायला लागला. घर मुलाच्या नजरेतून बघायचं असतं म्हणे. बैठकीच्या खोलीतून पॅसेजमध्ये, पॅसेजमधून स्वयंपाकघरात असा तो तासभर रांगला. मधेच त्याने मलाही खाली बोलावलं. मी उतरलो. दिवाणाखाली मला माझा करोनाच्या आधी हरवलेला चष्मा आणि सुपारीचा अडकित्ता दिसला, आणि सुयोगला धोका क्रमांक बेचाळीस आणि त्रेचाळीस. उठायला मात्र मला दोघांचा हात लागला, आणि ते त्याने टॅबवर टिपून घेतलेलं मी पाहिलं.

अहवाल सोळा पानांचा होता. निरांजन आणि समई 'तीव्र' या सदरात होत्या, ते समजण्यासारखं होतं. विळीसाठी कंपनीच्या यादीत रकानाच नसल्याने ती 'शस्त्रे'मध्ये गेली होती. देव्हाऱ्यातल्या रांगत्या बाळकृष्णापुढे लिहिलं होतं, 'गिळण्याजोगा.' आमच्या सौभाग्यवती, रत्नप्रभा, यांनी ते दोनदा वाचलं आणि शांतपणे विचारलं, की चाळीस वर्षं पूजेत आहे, आजवर कोणी गिळला का? सुयोगने तोही मुद्दा टिपून घेतला.

हा सगळा खटाटोप एका माणसासाठी होता. त्याचं नाव अनय, वय दीड वर्ष, आमच्या मुलीचा मुलगा. अपूर्वा आणि निलेश दिंडोशीला राहतात, आम्ही बोरिवली पूर्वेला. वाढवून वाढवून ताणलेली अपूर्वाची रजा संपत आली होती आणि सोमवारपासून तिला ऑफिसात रुजू व्हायचं होतं. अनयला दिवसभर ठेवायचं कुठे, याला दोन उत्तरं होती. एक त्यांच्या समोरच्या इमारतीतलं पाळणाघर, जिथे मूल काय करतंय ते आईला मोबाईलवर दिसतं. दुसरं आम्ही. आमच्याकडे मूल काय करतंय ते मोबाईलवर दिसत नाही. कधी कधी तसंही दिसत नाही, हे महिन्याभरापूर्वी सिद्ध झालं होतं.

झालं होतं एवढंच, की अपूर्वा तासाभरासाठी बाहेर गेली असताना, मी सोसायटीच्या सेक्रेटरींशी फोनवर पाण्याच्या टाकीचा वाद घालत असताना, अनयने वर्तमानपत्राचा अग्रलेख खाल्ला. त्याला काहीही झालं नाही. पचायला हलकाच असतो. अपूर्वाला उगाच काळजी नको म्हणून रत्नप्रभेने आणि मी हे तिला न सांगायचं एकमताने ठरवलं. दुसऱ्या दिवशी दिंडोशीला ते नैसर्गिक मार्गाने उघडकीला आलं. मथळ्यातले दोन शब्द तर वाचता येत होते.

त्यानंतर अपूर्वा रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "बाबा, आधी घर नीट करून घ्या. ती माणसं तपासून सर्टिफिकेट देतात. रुजू व्हायच्या आदल्या रविवारी येऊन बघते, मग ठरवू."

मी वजनंमापं तपासणाऱ्या खात्यात बत्तीस वर्षं नोकरी केली. 'मग ठरवू' हे शब्द मी असंख्य किराणा आणि कापड दुकानदारांना ऐकवले आहेत. समोरच्याच्या पोटात ते कुठे जाऊन बसतात याचा मला तोवर पत्ता नव्हता.

रत्नप्रभेने कपाटातला एक खण रिकामा केला, आणि मी सकाळचं फिरणं सातावरून सहावर आणलं.

सोसायटीत खिळा ठोकायचा तरी परवानगी लागते, आणि इथे तर ड्रिल चालणार होतं. म्हणून मी अर्ज घेऊन सेक्रेटरींकडे गेलो. हे धोंडिराम परब. गिरणीत होते, गिरणी गेल्यावर रिक्षा चालवली, आता पूर्णवेळ सेक्रेटरी आहेत, आणि तिन्हींत जास्त कष्ट याच कामात आहेत असं त्यांचं म्हणणं. त्यांनी अर्ज चष्मा वर करून वाचला, मग खाली करून वाचला.

"सामंतांनू, नातू येताहा की वाघ?" त्यांनी विचारलं. "आमी विहिरीच्या काठार वाढलंव. आमच्या आवशीन कधी एक कडी लावल्यान नाय."

मी म्हटलं, विहिरीला कठडा होता ना? ते म्हणाले, होता, पण आम्ही कठड्यावरच बसायचो. मग त्यांनी नियम सांगितले. ड्रिल दहा ते एक, दुपारी बंद, पुन्हा चार ते सहा. खिडकीला जाळी लावल्यास बाहेरून इमारतीचं रूप बदलता कामा नये. अर्ज तीन प्रतींत. आणि 'कामाचे कारण' या रकान्यात मी 'नातू' असं लिहिल्यामुळे कारणाचा पुरावा म्हणून नातवाच्या जन्मदाखल्याची प्रत. ती दिंडोशीहून मागवावी लागली. अपूर्वाने विचारलं, कशाला? मी म्हटलं, कमिटीला हवी आहे. ती म्हणाली, बाबा, तुम्ही फक्त कपाटांना कुलपं लावताय ना?

दुसरा सल्ला शेजारच्या दारातून आला. तिथे भीमराज राहतात. अग्निशमन दलातून पाच वर्षांपूर्वी निवृत्त झाले, पण ते दलालाच ठाऊक, त्यांना नाही. अजूनही ते कुणाच्या घरी गेले की आधी बाहेर पडायची वाट बघून ठेवतात आणि मगच खुर्चीवर बसतात. सुयोग कुलपांचे नमुने दाखवत होता तेव्हा ते मोबाईलवर सेकंद मोजत उभे राहिले. मी एक कपाट उघडून दाखवलं.

"अकरा सेकंद," भीमराज म्हणाले. "श्यामराव, बंद कसं करायचं ते सगळे शिकवतात. उघडायचं कसं ते कोण शिकवणार?"

सुयोग म्हणाला, काका, मुलाला उघडता येऊ नये हाच तर उद्देश आहे. भीमराज म्हणाले, मुलाचं सोडा, मला यांची काळजी आहे. हे त्यांनी माझ्याकडे बोट दाखवून म्हटलं. मग त्या दोघांत सुरक्षिततेवर जी चर्चा झाली तिचा सारांश असा, की एकाच्या मते सुरक्षित घर म्हणजे जिथलं काहीच उघडत नाही, आणि दुसऱ्याच्या मते जिथलं सगळंच उघडतं. दोघंही तज्ज्ञ. मी मधल्या मधे चहा पाजत राहिलो.

आता त्या फाटकाकडे येतो.

स्वयंपाकघराला आमच्याकडे दार नाही, नुसती लाकडी चौकट आहे. तिथे कमरेएवढं लोखंडी फाटक बसवायचं होतं, मापाबरहुकूम बनवून. सुयोगने माप घ्यायला खिशातून टेप काढला, प्लास्टिकच्या डबीतला, पिवळा, कुठल्याही नाक्यावर मिळतो तसला. त्यावर पडताळणीचा शिक्का नव्हता. बत्तीस वर्षांच्या सवयीने माझी नजर आधी तिथेच गेली. मी त्याला थांबवलं आणि कपाटातून माझा टेप काढला. स्टीलचा, जर्मन बनावटीचा, निरोप समारंभात सहकाऱ्यांनी दिलेला, मागे माझं नाव कोरलेला. मी म्हटलं, माप मी घेतो.

त्याने मला घेऊ दिलं. शहात्तर सेंटिमीटर. त्याने टॅबवर लिहिलं, 'माप: ग्राहकाने घेतले', आणि बोटाने सही करायला लावली. मी सही केली. थोडं शिकवलंही त्याला, की माप म्हणजे विश्वास असतो वगैरे.

गुरुवारी फाटक आलं. दोन सेंटिमीटर जास्त निघालं.

सुयोगने त्याच्या पिवळ्या टेपने चौकट मोजली. चौऱ्याहत्तर. मी म्हटलं, असल्या टेपवर माझा विश्वास नाही. त्याने फाटक मोजलं. शहात्तर. त्या आकड्यावर मात्र माझा विश्वास होता. मी म्हटलं, हवा दमट आहे, लाकूड फुगलं असावं. दोन सेंटिमीटर फुगायला चौकटीला जलोदर व्हावा लागला असता, पण सुयोग सभ्य माणूस. तो म्हणाला, असेल काका. नवीन फाटक यायला आणखी आठवडा लागला असता आणि रविवार तीन दिवसांवर होता. शेवटी सुताराला बोलावून चौकट दोन्ही बाजूंनी रंध्याने तासून घेतली आणि फाटक त्यात ठोकून बसवलं.

ते सगळे गेल्यावर मी आतल्या खोलीत जाऊन माझा टेप बघितला. टेपची सुरुवात कोणी बघत नाही, सगळे शेवट बघतात. माझ्या टेपच्या टोकाचा हुक दोन वर्षांपूर्वी तुटला होता. नाक्यावरच्या हार्डवेअरवाल्याने तो रिव्हेट मारून परत बसवून दिला, आणि देताना तुटका भाग कापून टाकला. माझा टेप दोन सेंटिमीटरपासून सुरू होत होता.

दुरुस्त केलेलं माप पुन्हा पडताळून घेतल्याशिवाय वापरायचं नाही. हा नियम मोडला म्हणून मी किती कापडवाल्यांवर खटले भरले असतील. एक जण तर माझ्यासमोर रडला होता. मी त्याला म्हणालो होतो, 'मला माहीत नव्हतं' हे उत्तर होऊ शकत नाही. आता खोलीत कोणी नव्हतं, तरी मी टेप पायजम्याच्या खिशात घातला आणि रत्नप्रभेलाही काही बोललो नाही.

शुक्रवारी बाकीचं काम झालं. टेबलांच्या कोपऱ्यांना रबर, प्लगांना टोप्या, फ्रीजला पट्टा, कमोडच्या झाकणाला कडी. स्वयंपाकघरातल्या सगळ्या कपाटांना आतून कुलपं, ती बाहेरून एक चुंबक टेकवला की उघडतात. चुंबक दोन मिळाले. आमच्या घरात जपून ठेवायची कुठलीही किल्ली तांदळाच्या डब्यात जाते. ही सासूबाईंपासूनची पद्धत. त्यामुळे दुसरा चुंबक रत्नप्रभेने तांदळात खुपसला आणि तांदळाचा डबा कपाटात ठेवून कपाट बंद केलं.

पहिला चुंबक संध्याकाळपर्यंत दिसेनासा झाला. दोघांनी घर पालथं घातलं. तांदूळ, पीठ, चहा, साखर, सगळं कुलपांच्या आड. फ्रीजचा पट्टा सोडायची युक्ती सुयोगने दाखवली होती, पण दोघांनी वेगवेगळी लक्षात ठेवली होती. रात्री आम्ही कोपऱ्यावरून इडल्या आणून खाल्ल्या आणि सकाळी भीमराजांकडे चहा प्यालो. चहा करताना त्यांनी घरातली सगळी कपाटं उघडी ठेवली होती.

शनिवारी दुपारी परब आमचा स्टीलचा डबा परत द्यायला आले. परवानगी दिल्याबद्दल रत्नप्रभेने त्यांच्याकडे रव्याचे लाडू पाठवले होते. डब्याच्या बुडाला चुंबक चिकटलेला होता. परबांनी तो कालच बघितला होता. पण रिकामा डबा परत कसा द्यायचा, म्हणून परबवहिनींनी रात्री तांदूळ भिजत घातले, सकाळी वाटले, आणि घावन झाल्यावर डबा निघाला. आम्ही उपाशी होतो, ते डब्याला ठाऊक नव्हतं. घावन मात्र उत्तम होते.

राहिलं फाटक. ते उघडायला अंगठ्याने कळ दाबायची, उचलायचं, आणि ढकलायचं. आमच्या फाटकाला त्यापुढे खालच्या कोपऱ्यात एक लाथही लागत असे, जी माहितीपत्रकात दाखवलेली नव्हती.

रविवारी अकराला सगळे येणार होते. अपूर्वा, निलेश, अनय, आणि शेवटची चाचणी घ्यायला सुयोग. चाचणी अशी, की मुलाला कडेवर घेऊन एका हाताने फाटक उघडून दाखवायचं. साडेदहाला रत्नप्रभा आत शिरा ढवळत होती. ती म्हणाली, येतील तेव्हा फाटक बंद दिसू दे. मी बंद केलं. जरा जोरात केलं.

पुन्हा ते उघडलं नाही. कळ दाबली, उचललं, ढकललं, लाथ मारली, दुसऱ्या पायाने मारली. सुयोग लवकर आला. त्यानेही हे सगळं क्रमाने केलं आणि म्हणाला, काका, असं कधी झालं नव्हतं. आवाजाने भीमराज आले. पाच वर्षं वाट बघितल्यासारखा त्यांचा चेहरा होता. ते गेले आणि पंपरूममधून पहार घेऊन परतले. त्यांच्यामागून परवानगीत पहारीचा उल्लेख नाही हे सांगायला परब.

आधी भीमराजांनी सोपा मार्ग सुचवला. "वहिनी, या बाजूला स्टूल घ्या. मी खांद्यावरून उचलून घेतो. एकशे सात माणसं उतरवलीत मी."

"एकशे आठवी दुसरी कोणीतरी बघा," रत्नप्रभा म्हणाली, आणि ढवळत राहिली. "शिरा लागेल."

मग पहार. भीमराजांनी फाटक आणि चौकट यांच्यामध्ये ती सरकवली, पाय रोवले, आणि एक दमदार हिसका दिला. फाटक निघालं. त्याच्यासोबत चौकटीची उजवी बाजू निघाली, आणि तिच्यासोबत हातभर भिंत. धुरळ्यात पलीकडे रत्नप्रभा उभी, एका हातात उलथनं, दुसऱ्या हाताने शिऱ्यावर झाकण धरलेलं. अलीकडे भीमराज पहार घेऊन. परब कपाळाला हात लावून. आणि आमच्या मजल्यावर दिवसा दारं उघडीच असतात, त्यामुळे घंटा न वाजवता दारात अपूर्वा, कडेवर अनय, मागे निलेश.

अनयने टाळ्या वाजवल्या.

अपूर्वा आत आली, भिंत बघितली, फाटक बघितलं. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. पाळणाघराचा फॉर्म निलेशच्या खिशात होता. वरचं टोक बाहेर दिसत होतं.

"माप कोणी घेतलं होतं?" तिने विचारलं.

सुयोगच्या टॅबवर माझी सही होती. ती दाखवून तो मोकळा होऊ शकला असता. त्याने टॅब पाठीमागे घेतला आणि म्हणाला, "मॅडम, दमट हवेने कधी कधी लाकूड फुगतं."

माझंच वाक्य मला परत मिळालं होतं. नुसती मान हलवायची होती. परबांनी तर हलवलीसुद्धा.

"मी घेतलं," मी म्हटलं. "लाकूड फुगलं नव्हतं. माझा टेप खोटा आहे." आणि खिशातून काढून तिच्या हातात दिला. "हा दोनपासून सुरू होतो. मला गुरुवारीच कळलं. कोणाला सांगितलं नाही."

एकदा तोंड उघडल्यावर बंद करणं अवघड गेलं. मी सांगून टाकलं, की मला डाव्या कानाने कमी ऐकू येतं. जेवण झाल्यावर दोन वाजता मला झोप येते, आणि 'नुसता पडलोय' असं मी म्हणतो ते खरं नसतं. मागच्या वेळी अनयला बशीतून दोन घोट चहा मी दिला होता. आतून रत्नप्रभा म्हणाली, तीन. आणि मग, उलथनं खाली ठेवून, म्हणाली की त्याच्या नाचणीच्या सत्त्वात ती साखर घालते, अपूर्वाने नको सांगितली असूनही. भीमराजांचा चेहरा बघून वाटलं की तेही काहीतरी कबूल करणार, पण परबांनी त्यांना कोपराने ढोसलं.

अपूर्वा बराच वेळ टेपची सुरुवात बघत होती. मग तिला हसू यायला लागलं. तिने ते दाबलं, आणि दाबलेलं राहिलं नाही.

"बाबा, अग्रलेख खाल्ला याचं मला काही वाटलं नव्हतं," ती म्हणाली. "माझ्यासमोर त्याने चपलेचा पट्टा खाल्लाय. पण मला ते डायपर उघडल्यावर कळलं. पाळणाघरात निदान मला दिसतं तरी. तुम्ही दोघं मला काही सांगतच नाही."

मी म्हटलं, आता सांगितलं ना. ती म्हणाली, हो, आता सगळंच सांगितलंत, ऐकून धडकी भरली. मग तिने अनयला माझ्याकडे दिलं.

"दोन ते तीन आई बघेल. साखर बंद. उद्या साडेआठला सोडते. आणि दिवसभरात जे होईल ते त्याच दिवशी मला कळवायचं. सगळं."

निलेशने खिशातलं फॉर्मचं टोक आत ढकललं आणि शिरा मिळेल का विचारलं. सुयोगने मोठ्या सभ्यपणे सांगितलं, की एकशे तेरा धोके दूर झाले आहेत, पण एक प्रलंबित असल्याने सर्टिफिकेट देता येत नाही. परबांनी भिंतीसाठी वेगळा अर्ज लागेल म्हणून सांगितलं. भीमराज मोकळ्या चौकटीतून दोनदा आत-बाहेर जाऊन आले आणि म्हणाले, आता कसं, दोन सेकंद.

कळवायचं म्हणजे काय, हे मला कोणी शिकवायला नको. बत्तीस वर्षं दैनिक अहवाल लिहिले आहेत. सोमवारी संध्याकाळी मी अपूर्वाला मोबाईलवर पहिला पाठवला:

'८.३५ आगमन. ८.४० पर्यंत रडणे, नंतर बंद. ९.१५ नाचणी, बिनसाखरेची. अर्धी पोटात, अर्धी भीमराजांच्या शर्टावर. १०.०० पडझड झालेल्या भिंतीतील माती खाण्याचा प्रयत्न, वेळीच रोखला. १०.०५ पुन्हा प्रयत्न, यशस्वी, अंदाजे चिमूटभर. १२.३० वरणभात. १.०० परबांच्या मिशीची तपासणी, मिशी शाबूत. २.१० झोप. आधी तो झोपला की आधी मी, याविषयी घरात दोन मते आहेत.'

दोन मिनिटांत उत्तर आलं: 'आईचं मत मला दोन अकराला मिळालं. फोटोसकट.'